पहिला पैसा पाहणीवर की पाकिटावर? मराठवाड्यातल्या छोट्या उद्योजकांसाठी एक तुलना

वसमतला हळदीची छोटी गिरणी टाकलेला तरुण, लातुरातला मसाले करणारा बचत गट, भूमकडे खव्याची भट्टी चालवणारं कुटुंब, पैठणचा विणकर. माल चांगला आहे, पंचक्रोशीत ओळख आहे, आणि आता तो आपल्या नावानं विकावा असं मनात आलं आहे. कर्ज आणि घरची शिल्लक मिळून हाताशी ठरावीक रक्कम आहे. लोगो, पाकीट, इन्स्टाग्राम असं सगळं एकत्र देणाऱ्या एजन्सीला ती द्यावी, की आधी बाजार समजून घेण्यात घालावी? आणि नाव लावायचं तर कुणाचं? स्वतःचं, आपल्या भागाचं, की माल उचलणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. बाजाराची पाहणी स्वतः करा. पैसा नावाच्या नोंदणीवर, मालाच्या तपासणीवर आणि नियमात बसणाऱ्या लेबलवर घाला. बाकीची सजावट पहिल्या विक्रीच्या पैशातून होऊ द्या. मात्र हे सगळ्या मालाला सारखं लागू पडत नाही, म्हणून तुलना जरा सविस्तर करतो.

पाहणी: स्वतः की एजन्सीकडून

एजन्सीची पाहणी म्हणजे प्रश्नावली, काही शे लोकांची उत्तरं आणि रंगीत तक्ते. तुमचा माल मुंबईच्या किंवा हैदराबादच्या मॉलमध्ये जायचा असेल आणि तिथलं गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिलंच नसेल, तर हा खर्च योग्य ठरू शकतो. पण परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर या पट्ट्यात विकायचं असेल तर छापील प्रश्नावली पहिल्याच प्रश्नाला अडखळते. 'तुम्ही कोणत्या कंपनीची हळद वापरता?' याचं इथल्या कितीतरी घरांतलं उत्तर आहे, 'घरची.' उन्हाळ्यात हळकुंडं आणायची, मिरच्या वाळवायच्या, गिरणीवर दळून किंवा कांडपावर कुटून वर्षाची बेगमी करायची, ही रीत खेड्यात आणि तालुक्याच्या गावात अजून टिकून आहे. म्हणजे तुमच्या हळदीच्या पुडीची खरी स्पर्धा टीव्हीवर दिसणाऱ्या कंपनीशी कमी आणि शेजारच्या गिरणीशी जास्त आहे. हे एकदा कळलं की पाकिटाचा आकार, भाव, विकायचा महिना, सगळंच बदलतं.

मग तयार पुडी घेतं कोण? शहरात भाड्यानं राहणारं जोडपं, ज्याच्याकडे वाळवायला गच्ची नाही. नोकरीसाठी पुण्याला, पिंपरी-चिंचवडला गेलेली आपलीच माणसं, ज्यांना रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावाकडून डबे येतात. लातुरात शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या मेस, रस्त्यावरचे ढाबे, लग्नाचे आचारी. या प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. मेसवाला पाच-दहा किलो एकदम घेतो, रंग आणि भाव पाहतो, पाकिटावर काय छापलंय ते वाचत नाही. त्याच्यासाठी लोगोवर घातलेला रुपया वाया गेला. पुण्यातला गिऱ्हाईक मात्र पाकीट उलटून मागची बाजू वाचतो. हळद कुठली, दळली कधी, तपासणी झाली का, हे तो विचारतो, आणि पटलं तर दोन रुपये जास्तही देतो.

हे समजायला आठवड्याच्या बाजारात आणि किराणा दुकानांत वेळ घालवावा लागतो. संध्याकाळी गर्दीच्या वेळी ओळखीच्या दुकानात उभं राहून कोणती पुडी जाते, केवढी जाते आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं की नुसतं 'हळद द्या' म्हणतं, एवढं वहीत टिपलं तरी पुष्कळ हाती लागतं. दुकानदाराशी बोलणं दुपारी, तो मोकळा असताना. त्याला विचारायचं: मार्जिन किती सुटतं, उधारी किती दिवसांची, फुटलेली पुडी कोण बदलून देतो, सेल्समन किती दिवसांनी येतो, आणि याआधी एखाद्या गाववाल्याचा माल ठेवला होता का. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो ब्रँड बंद का पडला, हे दुकानदार अगदी स्पष्ट सांगतो. बहुतेक वेळा कारण चवीचं नसतं. माल वेळेवर आला नाही, दुसऱ्या खेपेला रंग वेगळा निघाला, किंवा बदली माल द्यायला कुणी फिरकलंच नाही.

घरगुती गिऱ्हाइकाला 'आमची हळद घ्याल का?' असं विचारू नये. आपल्याकडे तोंडावर 'नको' कुणी म्हणत नाही. गेल्या खेपेला कुठून घेतली, किती घेतली, किती दिवस पुरली, काय खटकलं, असं घडून गेलेलं विचारावं. मग नाव न छापलेल्या दोन पुड्या द्याव्यात, एक तुमची आणि एक बाजारातली. आठवड्यानं जाऊन कोणती आधी संपली ते पाहावं.

यात्राही पाहणीला चांगली जागा आहे. तुळजापूरचं नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, माळेगावची खंडोबाची यात्रा, इथे बाहेरगावचं गिऱ्हाईक एकाच ठिकाणी भेटतं. दोन वेगळी लेबलं, दोन वेगळे भाव करून पाहता येतात. पण यात्रेतली खरेदी हौसेची असते, तिच्यावरून रोजच्या खपाचा अंदाज बांधू नये. बचत गटांना 'उमेद' या सरकारी अभियानाच्या मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जागा मिळाली तर ती सोडू नये, कारण शहरी गिऱ्हाईक मधल्या माणसाविना तिथे समोर येतं.

खर्चात पाहिलं तर स्वतःच्या पाहणीला गाडीभाडं, नमुन्याचा माल आणि वेळ लागतो. तिची खरी अडचण मनाची आहे. आपल्या मालाबद्दल वाईट ऐकायला जड जातं, आणि नकळत चांगलं तेवढंच वहीत उतरतं. म्हणून विचारायला घरच्या माणसाऐवजी जवळच्या कॉलेजची दोन मुलं पाठवा. कृषी किंवा व्यवस्थापन शाखेच्या मुलांना प्रकल्पासाठी असं काम हवंच असतं. उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे आणि त्यांची प्रशिक्षणं जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात. एजन्सीच्या आधी तिथे एक फेरी मारावी.

नाव: तीन वाटा

पहिली वाट व्यापाऱ्याच्या नावाची. माल तुमचा, पाकिटावर नाव त्याचं. पैसा लवकर सुटतो, लेबल-जाहिरातीची डोकेदुखी नाही, गिरणी बारा महिने चालते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर या वाटेला कमी लेखू नये. पण गिऱ्हाईक तुमचं होत नाही. त्यानं उद्या दुसऱ्या गिरणीवाल्याकडून दोन रुपये कमी भावानं माल घेतला, तर तुमची इतक्या वर्षांची मेहनत त्याच्या नावावर जमा राहते. ही वाट धरलीच तर क्षमतेचा काही भाग स्वतःच्या नावासाठी राखून ठेवा.

दुसरी वाट भौगोलिक मानांकनाची, म्हणजे जीआयची: आपल्या भागाच्या खास मालाला त्या भागाचं नाव लावण्याचा कायदेशीर हक्क. मराठवाडा या बाबतीत श्रीमंत आहे. मराठवाडा केसर आंबा, जालना मोसंबी आणि बीडचं सीताफळ यांना २०१६ मध्ये मानांकन मिळालं, वसमत हळदीला २०२४ मध्ये. पैठणीला त्याही आधीच मिळालेलं आहे. अनेकांची समजूत असते की मानांकन मिळालं म्हणजे भागातल्या सगळ्यांना ते नाव आपोआप वापरता येतं. तसं नाही. प्रत्येकानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. २०२० मध्ये नियम बदलले, आणि पूर्वी ५०० रुपये असलेलं हे शुल्क १० रुपयांवर आलं. कायद्यात उत्पादक म्हणजे नुसता शेतकरी नव्हे, शेतमालावर प्रक्रिया करणारा आणि तो पाकीटबंद करणाराही त्यात येतो. मूळ नोंदणी करणाऱ्या संस्थेचं संमतिपत्र हाताशी असलं तर काम सोपं होतं. मुख्य अट ही, की माल त्याच भूप्रदेशातला हवा. सांगलीहून किंवा निझामाबादहून हळकुंडं आणून वसमतची म्हणून विकणं हा गुन्हा आहे, आणि वसमतच्या शेतकऱ्यावर अन्यायही आहे.

या वाटेची मर्यादा ओळखा. हिंगोलीच्या मोंढ्यात 'वसमत हळद' म्हटल्यानं तुम्ही वेगळे ठरत नाही, तिथे सगळ्यांचीच वसमतची. पुण्यात, मुंबईत मात्र त्याच दोन शब्दांना वजन येतं. शिवाय हे नाव सामाईक आहे. ते विकता येत नाही, मुलाच्या नावावर करून देता येत नाही, आणि एकानं भेसळ केली की सगळ्यांचं नाव खराब होतं.

तिसरी वाट स्वतःच्या ट्रेडमार्कची. व्यक्ती, स्टार्टअप किंवा सरकारकडे उद्यम नोंदणी केलेला छोटा उद्योग यांना ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. वकिलाची किंवा एजंटाची फी वेगळी. म्हणून आधी उद्यम नोंदणी करा, ती मोफत होते. हळद आणि मसाले ३० व्या वर्गात येतात, खवा २९ व्या वर्गात, साड्या २५ व्या. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला जातो, चार महिने कुणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी झाली की ती १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करत राहता येतं. अर्जापूर्वी तेच किंवा उच्चारानं जवळचं नाव कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. हा शोध घेतल्याशिवाय पाकिटं छापू नका. छापील पाकिटाचा रोल किमान काही हजारांच्या संख्येत घ्यावा लागतो, आणि नाव बदलावं लागलं तर तो सगळा भंगारात जातो.

नाव निवडताना आपल्याकडे दोन ओढी असतात. एक देवाच्या नावाची: भवानी, रेणुका, वैजनाथ, खंडोबा. श्रद्धा समजण्यासारखी आहे, पण ही नावं असंख्य जणांनी लावलेली असतात, त्यामुळे नोंदणी अडते आणि मिळाली तरी दुसऱ्याला थांबवणं अवघड जातं. एका अगरबत्तीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये, धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाला मालकी सांगता येणार नाही, असा निकाल दिला आहे. दुसरी ओढ वर्णनाची: 'शुद्ध हळद', 'गावरान मसाला', 'मराठवाडा चटणी'. मालाचं किंवा जागेचं नुसतं वर्णन कायद्याला सहसा चालत नाही. आडनाव, आजीचं नाव, शिवाराचं नाव किंवा सरळ नवा शब्द घ्या. दुकानात गर्दीच्या वेळी मोठ्यानं मागता आलं पाहिजे, एवढी कसोटी पुरे. नोंदणी आधी नुसत्या शब्दाची करा, चित्राची नंतर. लोगो पुढे बदलला तरी शब्द आपलाच राहतो.

दुसरी आणि तिसरी वाट एकमेकींच्या आड येत नाहीत. समोर मोठ्या अक्षरात तुमचं नाव, खाली जीआयचं चिन्ह, हीच मला हळदवाल्यांसाठी सर्वांत भक्कम जोडी वाटते. तिच्या जोडीला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कुरकुमीनचा (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा) आणि भेसळ नसल्याचा अहवाल ठेवा. शिसं असलेल्या पिवळ्या रंगाच्या भेसळीच्या बातम्यांनी शहरी गिऱ्हाईक सावध झालंय, आणि तो अहवाल जाहिरातीपेक्षा जास्त बोलतो. फक्त पाकिटावर आकडा छापलात तर प्रत्येक खेपेला तो खरा निघाला पाहिजे.

इतर मालाचं थोडक्यात. खवा नाशवंत, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे मिठाईवाला. तो पाकीट पाहत नाही, वेळ पाहतो. तिथे पहिला पैसा थंड साठवणीवर आणि वाहतुकीवर. पैठणच्या विणकरानं लोगोआधी जीआय, हातमाग चिन्ह आणि सिल्क मार्क मिळवावं, कारण यंत्रमागाच्या आणि नकली रेशमाच्या स्वस्त साडीपासून त्याला तीच वेगळं काढतात. लातूरच्या डाळवाल्यांत एक जुनी भीती आहे, की ब्रँड नोंदवला की जीएसटी लागतो. तो नियम १८ जुलै २०२२ पासून बदलला. आता २५ किलोपर्यंतचं लेबल लावलेलं पाकीटबंद धान्य, डाळ किंवा पीठ असेल तर ब्रँड असो वा नसो, कर ५ टक्के. त्या भीतीपोटी नाव न नोंदवण्यात आता काहीच फायदा नाही.

एजन्सीला काम द्यायचंच असेल तर

पाहणी झाली, नावाचा अर्ज गेला, दुकानदार दुसऱ्यांदा माल मागू लागले, की चांगल्या डिझायनरची गरज खरोखर पडते. तेव्हा पूर्ण पॅकेज घेऊ नका, कामं सुटी करून दर मागा: लोगोचा वेगळा, पाकिटाचा वेगळा, फोटोंचा वेगळा. वस्तूचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा किलोची किंमत, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न परवान्याचा क्रमांक, या मजकुराची जागा डिझाइनमध्ये पहिल्या दिवसापासून ठरलेली हवी. सुंदर पाकीट छापून झाल्यावर त्यावर स्टिकर चिकटवत बसलेले उद्योजक मी पाहिले आहेत. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ब्रँडिंगच्या खर्चाला ५० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ती एकट्या उद्योजकासाठी नाही, आणि योजनेला मुदत असते, म्हणून खर्च करण्याआधी जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात विचारून घ्या.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. लोगोचा कॉपीराइट हस्तांतरित करायचा तर तो लेखीच करावा लागतो, तोंडी शब्दाला कायद्यात अर्थ नाही. आणि इन्स्टाग्राम खातं, गुगलवरची दुकानाची नोंद, संकेतस्थळाचं नाव हे सगळं तुमच्या मोबाइल नंबरवर आणि तुमच्या ईमेलवर उघडलेलं असावं. मूळ डिझाइन फाइल हातात आल्यावरच शेवटचा हप्ता द्या.