मास इफेक्ट: ॲन्ड्रोमेडा, अपडेटपूर्वी आणि अपडेटनंतर (मुख्यतः डोळ्यांविषयी)

अंतराळात घडणाऱ्या या व्हिडिओ गेममधील लढाई, जेटपॅक आणि नोमॅड गाडी यांविषयी 2017 पासून भरपूर लिहिले गेले आहे आणि त्यात मला भर घालायची नाही. मला लिहायचे आहे ते केवळ माणसांच्या डोळ्यांविषयी, कारण गेल्या काही महिन्यांत या गेमने मला जो वैताग दिला आणि नंतर जो आनंद दिला, ते दोन्ही तिथूनच आले.

पीएस4 (प्लेस्टेशन 4) या कन्सोलसाठीची डिस्क मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका विक्रेत्याकडून जुनी म्हणून स्वस्तात घेतली. घरी तेव्हा ब्रॉडबँड नव्हते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कित्येक जीबींचा अपडेट उतरवणे माझ्या हिशेबी स्वभावाला पटणारे नव्हते. त्यामुळे डिस्कवर छापलेली मूळ आवृत्तीच, म्हणजे ज्या चेहऱ्यांची मार्च 2017 मध्ये जगभर टिंगल झाली ते चेहरे जसेच्या तसे, मी बराच काळ पाहत राहिलो.

नेक्सस या अंतराळस्थानकावर फॉस्टर ॲडिसन ही अधिकारी भेटते आणि सगळ्या कटकटींना तोंड देऊन आपला चेहरा थकला आहे, अशा अर्थाचे वाक्य बोलते. हे वाक्य पुढे विनोदाचा विषय झाले, पण मला त्या वेळी हसू आले नाही. ओठ बोलत होते, भुवया अधूनमधून हलत होत्या, आणि या सगळ्याच्या मधोमध दोन ओलसर, चकचकीत बुबुळे माझ्या खांद्यामागे कुठेतरी रोखलेली होती. पापण्यांची सावली डोळ्यांवर पडतच नव्हती. नायिका रायडर हसली की ओठांचे कोपरे वर जात, पण गाल आणि डोळे त्या हसण्यात भाग घेत नसत. आमचे घर दीड खोल्यांचे असल्यामुळे टीव्हीवर जे चालते ते सर्वांना पाहावेच लागते, आईने भाजी निवडता निवडता विचारले, "अरे, ही बाई हसतेय की हिच्या पोटात दुखतंय?"

आईचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अचूक होता. खऱ्या हसण्यात तोंडाच्या स्नायूंबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे दुशेन या फ्रेंच वैद्याने 1862 मध्येच मांडले होते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची जी वर्गवारी केली, तिच्यात गाल उचलणारी हालचाल सहाव्या क्रमांकावर आणि ओठांचे कोपरे ओढणारी बाराव्या क्रमांकावर आहे. बारावी एकटी आली, तर माणूस उपचारापुरते हसतो आहे असे पाहणाऱ्याला वाटते. ही वर्गवारी गेम बनवणाऱ्यांना अपरिचित नव्हती. 2004 च्या हाफ-लाइफ 2 मध्ये तिचाच आधार घेतलेला होता, आणि म्हणून तेरा वर्षांनंतरच्या गेममधील हे हसू अधिकच खटकते.

मी डिस्क परत करायला गेलो. विक्रेत्याने ती उजेडात धरून पाहिली आणि ओरखडा नाही, तर परतीचा प्रश्नच येत नाही, असे सुनावले. 'माणसे विचित्र बघतात' ही तक्रार त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि बदल्यात एवढी किरकोळ रक्कम देऊ केली की मी केवळ हट्टाने गेम पूर्ण करायचे ठरवले.

या हट्टाच्या काळात माझा बहुतेक वेळ ड्रॅकच्या सोबतीत गेला. ड्रॅक हा म्हातारा क्रोगन, म्हणजे गेममधल्या एका परग्रही जमातीचा, आहे. त्याचे तोंड सरड्यासारखे रुंद आहे, आणि त्याच्याकडे पाहताना मला एकदाही अस्वस्थ वाटले नाही. क्रोगनने कसे हसावे याविषयी आपली काहीच अपेक्षा नसते, त्यामुळे चूकही दिसत नाही. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये नेमके हेच लिहिले होते: निर्जीव वस्तू माणसासारखी होत गेली की आपली जवळीक वाढते, पण अगदी माणसाच्या जवळ पोचून किंचित चुकली की ती जवळीक एकदम दरीत कोसळते, आणि वस्तू हलणारी असेल तर ही दरी आणखी खोल होते. बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातील बाहुल्यांना मात्र त्यांनी दरीपलीकडे, सुरक्षित ठिकाणी ठेवले होते. आपल्याला बुनराकू नको. रामदास पाध्यांचा अर्धवटराव पुरेसा आहे. त्याचा जबडा नुसता उघडतो आणि मिटतो, एकही अक्षर ओठांवर उमटत नाही, तरी प्रेक्षागृहातले लहान मूलही त्याला भीत नाही, कारण तो माणूस असल्याचा दावाच करत नाही. ॲडिसन तो दावा करते.

मग घरी ब्रॉडबँड आले आणि कन्सोलने मला न विचारता सगळे अपडेट उतरवले. पुढच्या वेळी गेम सुरू केला, तेव्हा काही मिनिटे मला नेमके काय बदलले ते सांगता येईना, फक्त पाहणे सोपे झाले होते. एप्रिल 2017 मधील 1.05 या पॅचच्या (दुरुस्तीच्या अपडेटच्या) यादीत माणसांचे आणि असारी या परग्रही जमातीचे डोळे सुधारल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ही जोडी ध्यानात घ्यावी: असारी निळ्या असल्या तरी त्यांचा चेहरा माणसाचाच आहे, आणि दुरुस्ती नेमकी तिथपर्यंतच पोचली; क्रोगनच्या डोळ्यांना हात लावण्याची गरज कोणाला भासली नाही. खात्री करण्यासाठी मी गेम काढून टाकला, इंटरनेट बंद करून डिस्कवरून पुन्हा टाकला आणि सुरुवातीचा भाग नव्याने खेळलो. (एवढा उद्योग मी करविवरणपत्रासाठीही करत नाही.) फरक खरा आहे. बुबुळांवरची ती काचेची चमक कमी झाली असून पापणीखाली सावली आली आहे.

त्यामुळे पूर्वी मी ज्याला अभिनयाचा अभाव समजत होतो, त्यातला मोठा हिस्सा केवळ प्रकाशाचा होता, असे आता माझे मत आहे. उरलेला भाग मात्र तसाच आहे. जिवंत माणसाची नजर सतत बारीक उड्या मारत असते, आणि मान वळण्याआधी बहुधा डोळे वळतात. दादर आले की समोरचा उठणार हे आपण त्याच्या नजरेवरूनच ओळखून जागेकडे सरकतो. गेममधील माणसे आधी मान वळवतात आणि डोळे तिच्यासोबत फरफटत येतात. हे कोणत्याही पॅचने बदललेले नाही आणि आता बदलणारही नाही, कारण एकट्याने खेळायच्या कथेसाठी 1.10 हाच शेवटचा अपडेट असल्याचे ऑगस्ट 2017 मध्ये जाहीर झाले.

कारणेही फारशी गूढ नाहीत. अशा गेममध्ये संवादांचे ढीग असतात आणि प्रत्येक वाक्य हाताने ॲनिमेट करणे परवडत नाही, म्हणून ओठांची हालचाल ध्वनीवरून आपोआप तयार केली जाते आणि वेळ उरला तर माणसे ती सुधारतात. कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळाने जून 2017 मध्ये दिलेल्या वृत्तानुसार सुमारे पाच वर्षांच्या निर्मितीतला बहुतांश गेम शेवटच्या अठरा महिन्यांहूनही कमी काळात उभा राहिला. तेव्हा वेळ कुठून उरणार? पैसा आणि वेळ ओतूनही प्रश्न सुटतोच असे नाही. 2011 च्या एल. ए. नॉयरमध्ये 32 कॅमेऱ्यांनी नटांचे चेहरे टिपले होते. चेहरे अप्रतिम आले, पण शरीराची हालचाल वेगळी नोंदवलेली असल्याने डोके धडावर नंतर बसवल्यासारखे वाटते.

डिस्क मी विकलेली नाही. घ्यायची असल्यास जुनीच घ्यावी, पहिल्या संवादाआधी सगळे अपडेट उतरवावेत आणि सोबतीला ड्रॅक असावा. संवाद मी आता टीव्हीपासून थोडे लांब बसून आणि सबटायटल्स चालू ठेवून पाहतो, कारण नजर खालच्या ओळीवर राहिली की ॲडिसन बरीच सुसह्य होते.