आक्रमकता १६ की ८? फुटबॉल मॅनेजरमध्ये बचावात्मक मिडफिल्डर निवडताना

फुटबॉल मॅनेजर या संगणकीय खेळात आपण क्लबचे व्यवस्थापक होऊन खेळाडू निवडतो. त्यात बचावात्मक मिडफिल्डरचा, म्हणजे बचावफळीच्या पुढे खेळणाऱ्या खेळाडूचा, शोध अनेकदा दोन नावांपाशी येऊन अडतो. दोघांचे वय आणि पगार सारखे, टॅकलिंगही (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्याचे कौशल्य) दोघांचे १४. फरक एवढाच, की एकाची आक्रमकता १६ आहे आणि दुसऱ्याची ८. अशा वेळी काही जण मोठ्या आकड्याला भुलतात, तर काही जण कार्डांच्या धास्तीने लहान आकडा पसंत करतात. दोन्ही कारणे अपुरी आहेत, कारण या आकड्यावरून खेळाडूचे कौशल्यही कळत नाही आणि त्याचा दांडगटपणाही कळत नाही. चेंडूसाठी झटापट होण्याची चिन्हे दिसली की त्यात उतरण्याची त्याची वृत्ती किती, एवढेच तो सांगतो.

या खेळात बहुतेक गुण १ ते २० या मापात दिलेले असतात आणि आक्रमकता मानसिक गुणांच्या रकान्यात येते, शारीरिक गुणांच्या नव्हे. प्रतिस्पर्ध्याचा पास थोडा लांब पडला आणि चेंडू मोकळा सुटला, असे समजा. १६ आकड्याचा खेळाडू बहुधा थेट त्या चेंडूवर झेपावेल. तो जिंकेल की फाउल करेल, हे मात्र त्याचे टॅकलिंग, निर्णयक्षमता आणि चेंडूचा अंदाज यांवर ठरेल. ८ आकड्याचा खेळाडू अंगाला अंग भिडवण्याचे टाळून मागे सरेल आणि पुढच्या पासची वाट अडवेल. त्याची जागा धरण्याची क्षमता चांगली असेल, तर हा पवित्रा उपयोगाचा ठरतो. ती ८-९ असेल, तर तो सामन्यात असून नसल्यासारखा राहतो. कमी आक्रमकतेचा खरा तोटा हा आहे आणि तो सहज नजरेत भरत नाही, कारण पिवळी कार्डे मोजता येतात, पण न लढलेल्या चेंडूंचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कार्डांबद्दलची भीती मात्र अर्धवट खरी आहे. जास्त झटापटी म्हणजे जास्त फाउल होण्याची शक्यता, हे मान्य करावेच लागते. परंतु मुद्दाम फाउल करण्याची किंवा नियम धाब्यावर बसवून खेळण्याची वृत्ती या आकड्यात नसून डर्टीनेस या छुप्या गुणात असते, जो खेळाडूच्या नेहमीच्या पानावर दिसत नाही. डोके किती लवकर भडकते, हे सांगणारा टेम्परामेंट हा गुणही असाच छुपा आहे. त्यामुळे १६ आक्रमकतेचा, पण शांत डोक्याचा खेळाडू हंगामभर बऱ्यापैकी निर्धोक खेळू शकतो, तर १० आक्रमकतेचा तापट खेळाडू नको त्या सामन्यात लाल कार्ड घेऊन संघाला दहा जणांवर आणू शकतो. म्हणून सही करण्यापूर्वी स्काउटचा (खेळाडू पारखणाऱ्याचा) अहवाल, खेळाडूचे व्यक्तिमत्त्व आणि मागील हंगामांतील कार्डांची नोंद हे तिन्ही पाहावे. माझ्या मते या तीन गोष्टी त्या एका आकड्यापेक्षा कितीतरी बोलक्या आहेत.

धैर्याशीही आक्रमकतेची गल्लत होते. धैर्य असलेला खेळाडू दुखापतीचा धोका पत्करून चेंडूसमोर आडवा जातो. आक्रमक खेळाडू अशा प्रसंगांत स्वतःहून शिरतो. बचावपटूंच्या बाबतीत दोन्ही आकडे जोडीने वाचलेले बरे.

निर्णयाचा मुख्य निकष संघाची खेळण्याची पद्धत हाच असावा. चेंडू गमावताच वर चढून दबाव टाकणारा संघ असेल आणि मागे दोन सावध सेंटर-बॅक (मधले बचावपटू) उभे असतील, तर १६ आकड्याचा मिडफिल्डर निःसंशय घ्यावा. निर्णयक्षमता किमान १२-१३ असावी, एवढी अट मी घालेन. खालच्या रेषेत थांबून वाटा अडवणाऱ्या आणि चेंडू मिळताच पहिला पास नीट देण्याची अपेक्षा असलेल्या संघाला ८ आकड्याचा खेळाडू अधिक मानवेल, विशेषतः तो बचावासमोर एकटाच उभा राहणार असेल, तर. एकट्याने जागा सोडून झेप घेतली आणि ती चुकली, तर मागे मोकळे मैदान राहते. सेंटर-बॅकबाबत तर मी आणखी कडक आहे: पेनल्टी बॉक्समध्ये अविचारी टॅकल म्हणजे पेनल्टी, त्यामुळे तेथे उंच आक्रमकता आणि कच्ची निर्णयक्षमता ही जोडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

ई.ए. स्पोर्ट्स एफ.सी. हा मैदानावरील खेळाडू स्वतः हलवण्याचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी हेच तर्कशास्त्र तिकडे जसेच्या तसे नेऊ नये. तेथे माप १ ते ९९ आहे आणि आक्रमकता ही ताकद, दम आणि उडी यांच्यासह शारीरिक गुणांत मोजली जाते. शिवाय तेथे टॅकलची वेळ आपलाच अंगठा ठरवतो, त्यामुळे फाउलचा मोठा दोष आकड्याचा नसून आपला असतो. तेथे मोठा आकडा सहसा फायद्याचाच.

निवड १६ आकड्याच्या खेळाडूवर पडली, तर फुटबॉल मॅनेजरमध्ये त्याला लगाम घालण्याची सोय आहे. टॅकल सौम्य ठेवण्याची वैयक्तिक सूचना त्याला देता येते आणि पहिले पिवळे कार्ड मिळताच ती द्यावी. सामना हातात असेल, तर त्याला सरळ बदलावे. याउलट ८ आकड्याच्या खेळाडूला जोरदार टॅकलची सूचना दिल्याने त्याची मूळ वृत्ती बदलत नाही, म्हणून ज्या संघाला झुंजणारा मिडफिल्डर हवा आहे, त्याने हा खेळाडू पुढे सुधारेल या भरवशावर घेऊ नये.