'अलॉय'च्या नावाखाली जस्ताचा ब्रेक लिव्हर: जोडी घेण्याआधी हे वाचा

म्हैसमाळवरून खुलदाबादकडे उतरताना एका माउंटन बाइकचा उजवा ब्रेक लिव्हर पिनेपाशी, म्हणजे ज्या खिळीवर तो फिरतो तिथे, तुटला. आपल्याकडे उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा, म्हणजे उतारावर ज्याच्यावर सगळी भिस्त तोच गेला. चालवणारा मुलगा मागच्या ब्रेकवर कसाबसा थांबला. कोपर आणि गुडघे सोलून निघाले, तेवढ्यावर निभावलं. जोडी दीड महिन्यापूर्वीच बसवलेली. दुकानात 'फोर्ज्ड (म्हणजे घडीव) अलॉय आहे, आयुष्यभर बघायला नको' असं सांगून ९०० रुपये घेतलेले, आणि बिलावर फक्त 'सायकल पार्ट' एवढंच लिहिलेलं. ते तुकडे खोलून, वजन करून, पाण्यात बुडवून पाहिल्यावर जे कळलं ते इथे मांडलं आहे. अशी जोडी जालना, परभणी, नांदेड, लातूर, कुठेही कुणाच्याही गळ्यात मारली जाऊ शकते.

आधी तुटलेली बाजू. घडीव ॲल्युमिनियमचं पातं, म्हणजे लिव्हरचा बोटांनी ओढायचा भाग, आपटलं तर आधी वाकतं. वाकलेलं डोळ्यांना दिसतं, बोटांना कळतं, आणि तसंच सांभाळून घरापर्यंत येता येतं. हा तुकडा जराही वाकलेला नव्हता. तुटलेली बाजू करडी, फोडलेल्या खडीसाखरेसारखी कणीदार, आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी तीन पोकळ छिद्रं. ओतताना साच्यात हवा अडकली की अशी छिद्रं राहतात. वरून काळा रंग इतका गुळगुळीत की बाहेरून काही कळायला मार्ग नाही. तुटला तोही नेमक्या जागी: पिनेच्या भोकाच्या कडेला, जिथे धातू जेमतेम २ मिमी उरला होता.

या जागेवर किती भार येतो ते बघा. बोटं पिनेपासून साधारण ७० मिमीवर ओढतात, तार अडकवायचा हुक पिनेपासून ३० मिमीच्या आसपास असतो. बोटांनी १५ किलोचा जोर लावला तर तारेत ३५ किलोचा ताण येतो, आणि पिनेभोवतीच्या कडेला या दोन्हींचा भार सोसावा लागतो. घाटात हा भार प्रत्येक वळणाला येतो आणि जातो. पोकळ छिद्राच्या कडेला चीर सुरू होते, रोज थोडी वाढते, आणि एक दिवस काहीही न सांगता पातं हातात येतं.

आता मुख्य फसवणूक. ती 'अलॉय' या शब्दात आहे. अलॉय म्हणजे मिश्रधातू. पितळही अलॉय आणि जस्ताचं ओतकामही अलॉयच. आपल्या बाजारात मात्र अलॉय म्हटलं की गिऱ्हाईक ॲल्युमिनियम समजतं, आणि विकणारा ते समजू देतो. खोक्यावर छापलेला शब्द खोटा ठरत नाही. 'फोर्ज्ड' हा खरोखर खोटा शब्द फक्त तोंडी येतो, कागदावर कधीच नाही. जस्ताचं मिश्रण ३८०-३९० अंशांना वितळतं, ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. त्यामुळे जस्त ओतायला सोपं, साचे जास्त टिकतात, बारीक नक्षीही छान उठते. दिसायला माल उत्तम होतो.

दुसरी चलाखी वजनाची. आपल्या मनात जड म्हणजे मजबूत हे पितळेच्या तांब्यापासून बसलेलं आहे. दुकानदार लिव्हर हातावर ठेवतो आणि म्हणतो, "वजन बघा ना भाऊ." तिथेच संशय यायला हवा. ॲल्युमिनियमची घनता २.७, जस्ताच्या ओतीव मिश्रणाची ६.६ ते ६.७. म्हणजे तेवढ्याच आकाराचं पातं अडीचपट जड. लिव्हर जड लागणं हा दोष आहे.

हे घरी पक्कं करता येतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा, सराफाकडे असतो तसा. मात्र त्याची क्षमता पाण्याच्या ग्लासासकट भरेल इतकी हवी. पिनेचा बोल्ट काढून पातं वेगळं करा. त्यातला लोखंडी किंवा पितळी बुश (पिनेच्या भोकातली नळी) निघत असेल तर काढा, नाहीतर आकडा चुकेल. पात्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. पातं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला टेकता कामा नये, अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून झटका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर पात्याचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. या पात्याचं वजन ६१ ग्रॅम भरलं, पाण्यात काट्याने ९.१ दाखवलं, भागाकार ६.७. शुद्ध फसवणूक. त्याच आकाराचं ॲल्युमिनियमचं पातं २५ ग्रॅमच्या आत भरलं असतं.

चुंबकावर विसंबू नका. चुंबकाला लोखंडी पत्रा चिकटतो, पण ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्ही चिकटत नाहीत. 'बघा, चुंबक लागत नाही, म्हणजे अलॉय' हे दुकानातलं प्रात्यक्षिक निरर्थक आहे.

जस्ताचा आणखी एक दोष आपल्या भागात जास्त बाधतो. सतत ताणाखाली ठेवलं की ते हळूहळू सरकतं, म्हणजे आकार सोडतं, आणि जितकं गरम तितकं जास्त. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, त्यात दुपारभर उन्हात उभ्या सायकलचा काळा लिव्हर हात लावू देत नाही. हँडलवर आवळलेलं कडं अशा वेळी ढिलं पडतं. मालक पुन्हा आवळतो, पुन्हा ढिलं, आणि चार-पाच वेळा आवळल्यावर आटे जातात. नव्या लिव्हरचं कडं वारंवार सैल होत असेल तर बोल्टला दोष देण्याआधी धातू तपासा.

सगळं ओतकाम वाईट असं मात्र नाही. लिव्हरची बॉडी, म्हणजे हँडलवर बसणारा भाग, चांगल्या कंपन्याही ओतीव ॲल्युमिनियमची करतात. कमी किमतीच्या लिव्हरमध्ये ती काचतंतू घातलेल्या नायलॉनचीही असते, आणि सपाट रस्त्यावर ती वर्षानुवर्षं चालते. घाटाच्या सायकलला आम्ही नायलॉनची बॉडी घेणार नाही, पण ती नायलॉन म्हणून विकली तर त्यात फसवणूक नाही. पातं मात्र घडीवच हवं. पात्याची आतली बाजू उजेडात धरा. लहान गोल ठसे, साच्यातून माल ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे, दिसले तर ते ओतीव आहे, तोंडाने काहीही सांगू देत.

पिनेकडे त्याहून जास्त लक्ष द्या. दोन्ही बाजूंनी चेपून बसवलेलं रिव्हेट असेल तर सोडून द्या. झिजल्यावर ते बदलता येत नाही. बोल्ट आणि नायलॉनची चकती असलेला नट हवा, आत बुश हवा. पात्याचं टोक धरून वरखाली हलवा. नव्यात २-३ मिमीपेक्षा जास्त हललं तर काळ्या मातीच्या धुळीत दोन पावसाळ्यांत ते खुळखुळ्यासारखं होईल. टोकाला छोट्या बोराएवढा गोळा असावा. पडल्यावर टोकदार लिव्हर मांडीत घुसतो. तार ताणण्याचा स्क्रू धातूचा हवा. प्लास्टिकचे आटे पहिल्याच हंगामात जातात.

तिसरा प्रकार जुना साठा खपवण्याचा. व्ही-ब्रेकला, म्हणजे दोन लांब हातांनी रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या ब्रेकला, जास्त तार ओढणारा लिव्हर लागतो, जुन्या कॅन्टिलिव्हर किंवा कॅलिपर ब्रेकच्या जवळपास दुप्पट. शिमानोने व्ही-ब्रेक १९९६ मध्ये आणला, तेव्हापासून लिव्हरचे हे दोन प्रकार बाजारात आहेत. तारेवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्येही माउंटन बाइकचे बहुतेक कॅलिपर (चकती दाबणारे भाग) जास्त ओढीचे असतात. कमी ओढीचा लिव्हर व्ही-ब्रेकवर चढवला तर तो मुठीला टेकतो आणि रबर रिमवर पुरतं दाबलंच जात नाही. मग फिटर काय करतो? ब्रेक रबर रिमला जवळजवळ चिकटवून ठेवतो. दुकानासमोर एक चक्कर मारली तर ब्रेक लागतो, गिऱ्हाईक खूश. रबर २ मिमी झिजलं किंवा रिम थोडी डुलायला लागली की लिव्हर मुठीपर्यंत जातो. रबर आणि रिममध्ये प्रत्येक बाजूला १ मिमी मोकळी जागा ठेवायला सांगा आणि मगच लिव्हर दाबा. फसवणूक असेल तर तिथेच उघडी पडते. काही लिव्हरच्या आत 'व्ही' आणि 'सी-आर' अशा दोन जागा असतात. व्ही-ब्रेकला 'व्ही'वरच लावायचं.

नामांकित कंपनीचं नाव छापलेल्या नकली मालाबद्दल थोडक्यात. शिमानोच्या ब्रेक लिव्हरचा क्रमांक 'बीएल'ने सुरू होतो, गिअर आणि ब्रेक एकत्र असेल तर 'एसटी'ने. 'एसएल' हा नुसता गिअरचा आणि 'बीआर' हा चाकाकडच्या ब्रेकचा. नुसत्या ब्रेक लिव्हरवर 'एसएल' किंवा 'बीआर' छापलं असेल, किंवा क्रमांकच नसेल, तर पैसे देऊ नका. बरोबर क्रमांक छापणंही अवघड नाही, म्हणून काट्याची परीक्षा चुकवू नका.

बसवताना माउंटन बाइकच्या हँडलचा व्यास लिव्हरच्या जागी २२.२ मिमी असतो. कडं त्यावर पत्र्याची पट्टी घालून बसवावं लागत असेल तर लिव्हर चुकीचा आहे. बोल्ट ६ ते ८ न्यूटन मीटरने आवळतात, पण अशा तऱ्हेने की हाताने जोरात पिळल्यावर लिव्हर हँडलवर फिरेल. पडल्यावर तो फिरला तर वाचतो, जखडलेला असेल तर तुटतो. तार १.५ किंवा १.६ मिमीची, तिचा दंडगोल शेवट हुकात पूर्ण बसलेला. आउटर, म्हणजे तारेवरची नळी, ५ मिमीचं ब्रेकचंच. गिअरचं ४ मिमीचं आउटर लावून देणारे फिटर आहेत. जोरात ब्रेक दाबला की ते उभं फाटतं. सगळं जोडल्यावर सायकल उभी ठेवून प्रत्येक लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा. मुठीला टेकता कामा नये. मग टॉर्च मारून पिनेभोवती केसासारखी रेघ दिसते का बघा.

पैसे देण्याआधी बिलावर हे शब्द लिहून मागा: 'ब्रेक लिव्हर, १ जोडी, ॲल्युमिनियम, पातं फोर्ज्ड, व्ही-ब्रेकसाठी.' लिहायला नकार मिळाला तर उत्तर मिळालं. बंद खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं बंधनकारक आहे. परदेशी माल असेल तर देशाचं नावही. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि पाण्याची परीक्षा परत करायची मुदत संपण्याआधी, हँडलवर चढवायच्या आधी करा.

तुटला असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. जस्ताचा तुकडा ज्योतीखाली वितळून जातो आणि त्याचा धूर छातीला वाईट. ॲल्युमिनियमचा सांधा जुळला तरी त्या जागी आधीची ताकद राहत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही. तोवर दोन्ही तुकडे कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवा. तुटलेल्या बाजू एकमेकींवर घासू नका, त्यांना तेल किंवा कानस लावू नका. ती कणीदार बाजू आणि त्यातली छिद्रं हाच पुरावा आहे.