डॅशबोर्ड उतरवताना एसीच्या कामात झालेली माझी फसवणूक

गेल्या जुलैत ऐरोलीत साचलेल्या पाण्यातून गाडी काढण्याची चूक मी केली आणि आत शिरलेल्या पाण्याने खालचा गालिचा व त्याखालचा नमदा पूर्ण भिजला. उघडीप मिळेल तेव्हा दारे उघडी ठेवूनही कुबट वास जाईना. वडिलांना दम्याचा त्रास असल्यामुळे नवा गालिचा बसवून घ्यायचे ठरवले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. गालिचा डॅशबोर्डखाली पार आतपर्यंत जात असल्याने डॅशबोर्ड आणि त्यामागचा ब्लोअर व कूलिंग कॉइलचा डबा उतरवावा लागेल, असे मालकांनी सांगितले. एवढे तरी खरे होते.

हा डबा काढायचा तर एसीचे पाइप सोडवावे लागतात, म्हणून एसीच्या कामाचे त्यांनी वेगळे ११,८०० रुपये लावले. जुना गॅस यंत्राने काढून घेणे, नवा ड्रायर (एसीतला ओलावा शोषणारा भाग), पाइपांच्या जोडांवरच्या नव्या ओ-रिंग (रबरी कड्या), व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा व ओलावा ओढून घेणे) आणि एसीचा नवा आर-१३४ए गॅस, अशा पाच बाबी कागदावर लिहिल्या होत्या. त्या अगदी बरोबर होत्या, म्हणूनच मला शंका आली नाही. गाडी नऊ दिवस त्यांच्याकडे होती आणि या पाचांपैकी एकही काम मी डोळ्यांनी पाहिले नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात एसी विचित्र वागू लागला. सुरुवातीला हवा गार येई, अर्ध्या तासाने ती बंद पडे आणि गाडी थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा गार हवा येऊ लागे. गॅरेजवाल्यांनी दोनदा "गॅस थोडा कमी झाला असेल" असे म्हणून पैसे घेऊन गॅस भरून दिला. दुसऱ्या वेळेनंतर आठवड्याभरात कॉम्प्रेसरमधून खरखर ऐकू येऊ लागली, तेव्हा मी गाडी ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका एसी मेकॅनिककडे नेली.

त्यांनी गेज लावले तेव्हा दाब जवळपास ठीक दिसला. मात्र गॅस ओळखण्याच्या उपकरणाने त्यात हवा आणि ज्वलनशील हायड्रोकार्बन असल्याचे दाखवले. स्वयंपाकाच्या गॅससारख्या वायूंचे असे मिश्रण दाबाच्या बाबतीत आर-१३४ए शी मिळतेजुळते असते, त्यामुळे नुसत्या गेजवर ते पकडले जात नाही. कूलिंग कॉइल ज्या डब्यात असते त्यातूनच गाडीत हवा येते. कॉइलला गळती लागली असती तर तो वायू थेट माझ्या वडिलांच्या पुढ्यात आला असता. हे कळल्यावर मला जो संताप आला, तो पैशांसाठी नव्हता.

त्यानंतर ड्रायर काढला. त्यावर २०१४ हे वर्ष छापलेले होते, म्हणजे तो गाडीबरोबर आलेलाच होता. ड्रायरमधील दाणे ओलावा शोषतात आणि पाइप उघडे राहिले की भर पावसाळ्यातील हवेने ते लवकर निकामी होतात. कॉम्प्रेसरचे तेलही हवेतील पाणी ओढून घेते. व्हॅक्यूम न करता गॅस भरला की तो ओलावा आतच राहतो, गॅस ज्यातून कूलिंग कॉइलमध्ये शिरतो त्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठून वाट अडवतो आणि बर्फ वितळला की वाट पुन्हा मोकळी होते. माझ्या एसीच्या त्या लहरीपणाचे कारण हेच होते.

जुन्या गॅरेजमध्ये जाब विचारायला गेलो तेव्हा मालक गप्प राहिले. तेथील एक मुलगा मात्र मला बाहेर गाठून म्हणाला, "साहेब, गॅस काढायचं मशीन आमच्याकडे नाहीच. पाइप ढिला करून सोडून देतो." माझ्या गाडीत ४५० ग्रॅम गॅस मावतो. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करणारा हा वायू त्यांनी सरळ हवेत सोडला. तो हिशेब साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास जातो. द्रवरूपात अंगावर उडाल्यास तो त्वचा गोठवतो, आणि त्या मुलाच्या हातात हातमोजेही नव्हते.

आपल्यावर असे काम करून घेण्याची वेळ आली तर गॅस काढून पाइप उघडण्याच्या वेळी तेथे हजर राहावे, कारण आधीचा गॅस निघाला किती हे यंत्राच्या काट्यावर ग्रॅममध्ये त्याच वेळी दिसते. डॅशबोर्ड उतरवण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून, एअरबॅग अचानक उघडू नये म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबले आहेत का, तेही पाहावे. पाइपांची तोंडे लगेच बुचांनी बंद करून घ्यावीत. जुना ड्रायर आणि जुन्या ओ-रिंग मागून घ्याव्यात. बदललेला भाग दाखवायला कोणाला अडचण नसावी. व्हॅक्यूम किमान अर्धा तास चालू द्यावा आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा स्थिर राहतो का ते पाहावे. गॅस बॉनेटखालच्या चिठ्ठीवरील वजनाइतकाच, आपल्यासमोर, गॅसचे नाव छापलेल्या सिलिंडरमधून भरला जावा. आणि जीएसटी क्रमांक असलेले बिल घ्यावे, कारण मला मिळालेला साधा कागद आता पुरावा म्हणून फार कमी पडतो आहे.

कॉम्प्रेसर, कंडेन्सर (गरम गॅस थंड करणारी जाळी) आणि ड्रायर बदलण्यासाठी मला आणखी ३१,००० रुपये मोजावे लागले. ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. २०१४ चे वर्ष छापलेला तो ड्रायर मी मोहोरबंद पिशवीत जपून ठेवला आहे आणि नव्या मेकॅनिकांचा लेखी अहवाल तक्रारीला जोडला आहे.