यात्रेहून ढेकूण आले तर: कोथरूडच्या ड्रायरवाल्या लाँड्रीचा अनुभव

पाच स्टार देतेय आणि जरा लांबलचक लिहितेय, कारण आम्ही अडकलो होतो तेव्हा कोणाला विचारायचं हेच कळत नव्हतं.

आई आणि मावशी ग्रुपबरोबर काशी-प्रयाग-अयोध्या करायला गेल्या होत्या. शेवटचा मुक्काम एका धर्मशाळेत होता. निघायच्या दिवशी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला, बाहीच्या कडेपासून मनगटापर्यंत एका ओळीत गांधी उठलेल्या, आई म्हणतेय पित्त उठलंय, आणि मावशी त्याच गादीवर शेजारी झोपलेली तर तिच्या अंगावर काहीच नाही. ढेकणांचं असंच असतं, काही जणांच्या अंगावर चावा उमटतच नाही आणि काहींना चार-आठ दिवसांनी उमटतो, त्यामुळे मला काही झालं नाही म्हणजे खोलीत ढेकूण नाहीतच असं धरून चालू नका. मी आईला मोबाइलचा टॉर्च लावून गादीच्या कडेची शिवण बघायला सांगितली. तिथे जो जाड गोट असतो ना, त्याच्या आतल्या बाजूला बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके होते, ओलं बोट फिरवलं की तपकिरी फराटा उठत होता, आणि गोट उलटा केला तर चार-पाच मिलिमीटरचे दोन चपटे तांबूस जीव आतल्या बाजूला सरकले. मग शंकाच उरली नाही.

ढेकणाला पंख नाहीत, तो उडीही मारत नाही, तो येतो तो आपल्या सामानातून. म्हणून पुण्यात आल्यावर बॅगा हॉलमध्ये आणूच दिल्या नाहीत. गॅलरीत नुसत्या फरशीवर मोठ्या काळ्या पिशव्यांत घालून गाठ मारून ठेवल्या, दोघींच्या अंगावरचे कपडेसुद्धा अंघोळीआधी तशाच पिशवीत गेले. पुढचा प्रश्न हा की एवढे कपडे करायचे काय. आमचं मशीन टॉप लोड, थंड पाण्याचं, त्यात ढेकूण आणि त्यांची अंडी मरतील याची काही खात्री नाही. सगळं मरायला 60 अंशांचं पाणी लागतं. आसपासच्या लाँड्र्यांना फोन केला तर ढेकूण शब्द ऐकल्यावर 'आमच्याकडे नको मॅडम' म्हणून फोन ठेवला. त्यांचंही बरोबर असेल, पण आपण जायचं कुठे?

इथल्या ताईंनी मात्र फोनवर पहिला प्रश्न विचारला की पिशव्यांना गाठ आहे ना. आम्ही पोचलो तर त्या स्वतः बाहेर आल्या, पिशव्या काउंटरवर ठेवू दिल्या नाहीत, मागच्या दारानं थेट मोठ्या ड्रायरपाशी नेल्या, गाठ सोडली ती ड्रमच्या तोंडाशीच, कपडे सरळ आत आणि रिकामी पिशवी लगेच दुसऱ्या पिशवीत घालून बांधून कचऱ्यात. गोळा होऊन पडलेले मोजे, उलट्या सलवारी सगळं सुटं करून टाकलं, नाहीतर गुंडाळ्याच्या आत गरम हवा पोचत नाही. हे बघूनच मला कळलं की या बाईंना काम माहितीये.

आणि महत्त्वाचं म्हणजे आधी ड्रायर, मग धुणं! मला वाटलेलं उलटं असेल. ताई म्हणाल्या, ओले कपडे टाकले की मशीनची पहिली सगळी गरमी पाणी उडवण्यात जाते, कोरडे कपडे लगेच तापतात. हाय हीटवर, ड्रम खच्चून न भरता, कपडे पूर्ण तापल्यावर अर्धा तास दिला की मोठे ढेकूण, पिल्लं, अंडी सगळं संपतं. नंतर धुणं नेहमीसारखं, कुठल्याही पाण्यात. मी घरी येऊन वाचलं तेव्हा तेच सापडलं, साधारण 48 ते 50 अंशांच्या पुढे ढेकूण फार वेळ तग धरत नाही आणि अंडीसुद्धा टिकत नाहीत, फक्त ती गरमी कपड्याच्या प्रत्येक घडीपर्यंत पोचली पाहिजे. म्हणूनच गादी उन्हात टाकायचा जुना उपाय अर्धवटच पडतो, वरची बाजू तापते आणि ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला निघून जातात.

आईच्या दोन सिल्कच्या साड्या होत्या, एक काशीलाच घेतलेली. ताईंनी त्या बाजूला काढल्या आणि सरळ सांगितलं की या मी ड्रायरला घालणार नाही, वाट लागेल. घट्ट बंद पिशवीत घालून डीप फ्रीझरला ठेवा, उणे 18 अंशांना निदान चार दिवस, आणि फ्रीझर खरंच तेवढा थंड आहे का ते बघून घ्या, सारखं दार उघडू नका. आम्ही जवळपास दहा दिवस ठेवल्या. साड्या उत्तम आहेत. दोन साड्यांचे जास्तीचे पैसे मिळाले असते तरी त्यांनी घेतल्या नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

बॅगा त्या घेत नाहीत, चपला-बूटही नाहीत. बॅगेचं आपल्यालाच करावं लागतं. चेनच्या कडेची कापडी पट्टी, चाकांच्या वरचा खोबणा, आतल्या अस्तराची शिवण, इथे आधी व्हॅक्यूम आणि मग कपड्यांचा स्टीमर, नळी जवळ धरून अगदी हळूहळू पुढे न्यायची, भराभरा फिरवलं तर वाफेच्या झोतानं ढेकूण नुसता उडून बाजूला पडतो. व्हॅक्यूमची पिशवी बांधून लगेच बाहेर. माझी एक संध्याकाळ गेली त्यात.

वजा गुण सांगायचे तर बाबांचा एक सुती लेंगा (आईनं चुकून तिच्या बॅगेत नेलेला) आखडला, आणि दोन पेटीकोटांची इलॅस्टिक सैल झाली. पण ताईंनी आधीच बजावलं होतं की हाय हीटला असं होऊ शकतं, त्यामुळे तक्रार नाही. वेळ सांगतात त्याच्यापेक्षा बराच जास्त लागला. पार्किंग शून्य. दर मला एका लोडला 250 पडला, धुणं वेगळं, जे बाकी लाँड्र्यांच्या मानानं जास्त आहे पण अख्ख्या घराच्या पेस्ट कंट्रोलपुढे काहीच नाही.

त्यावरून, एका पेस्ट कंट्रोलवाल्यानं बॅगा न बघताच फोनवर अख्खं घर फवारायचा रेट सांगितला होता. घरात एकही ढेकूण शिरलेला नसताना कशाला? आजीच्या काळी पलंगाच्या फटीत टिक ट्वेंटी सोडायचे, आता पायरेथ्रॉइड जातीची औषधं मारतात आणि जगभरच्या ढेकणांना त्यातल्या बऱ्याच औषधांची सवय झालेली आहे, धुराचे फॉगर तर फटीच्या आत पोचतच नाहीत. घरात खरोखर झाले असतील तर नीट तपासणी करणारा, दोन-तीन आठवड्यांनी परत येणारा माणूस बोलवा, कारण अंडी साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. आम्ही महिना-दीड महिना पांढऱ्या चादरी घातल्या, रोज सकाळी उशीच्या खोळीची शिवण आणि पलंगाचे जोड बघितले. काही नाही. मग सोडलं.

पण मी पाच स्टार मशीनसाठी देत नाहीये. आई इतकी ओशाळली होती की कामवाल्या मावशींना कळू नये म्हणून तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं होतं, ग्रुपमधल्या बायकांना फोन करून सांगायलाही तयार नव्हती, लोक म्हणतील घाणेरडे आहेत. ताई तिला म्हणाल्या, 'काकू, ढेकणाला घाण लागत नाही, माणसाचं रक्त लागतं, ते मोठ्या हॉटेलातही मिळतं.' खरंच आहे, 2023 ला पॅरिसमध्ये केवढा गोंधळ झाला होता, सिनेमाची थेटरं, ट्रेन, सगळीकडे तीच चर्चा. आणि ढेकणामुळे माणसाला रोग होतो असं दिसलेलं नाही, खाज आणि झोपमोड मात्र भरपूर. त्या एका वाक्यानंतर आईनं तिथूनच ग्रुपच्या लीडरला फोन लावला, आणि बाकीच्या दोघींच्या बॅगांतही निघाले! त्यांनी अजून बॅगा उघडल्या नव्हत्या म्हणून त्यांची घरं वाचली. लाज वाटून कोणी बोललं नसतं तर त्या बॅगा सरळ कपाटावर गेल्या असत्या, आणि उपाशी ढेकूण महिनोन्‌महिने जगतो.

जाणार असाल तर आधी फोन करा आणि ढेकूण आहेत हे स्पष्ट सांगा, लपवून नेऊ नका, दुसऱ्यांचेही कपडे असतात तिथे. गाठ मारलेल्या पिशव्या, सिल्क-लोकरीचं वेगळं, खिसे रिकामे. दुपारी जा, संध्याकाळी ऑफिसवाल्यांची गर्दी असते आणि मोठा ड्रायर एकच आहे. ताई, जमलं तर बाहेरच्या बोर्डवर 'प्रवासाहून आलेले कपडे आधी ड्रायर करून मिळतील' एवढं लिहा ना, ज्यांना तोंडानं विचारायला संकोच वाटतो ते तरी येतील.