फिक्सीवरचे आठ महिने

"आई, गिअर लावायला विसरले की काय?" सायकल खोक्यातून निघाली तेव्हा मुलाचा पहिला प्रश्न. फिक्सी म्हणतात ती ही, बिनगिअरची: पुढे एक चकती, मागे एक चकती, मधे चेन. हॅण्डलवरून निघालेली ब्रेकची केबलही एकच. एवढ्याशा ऐवजाला एवढे पैसे का मोजले, हे घरात पटवायला मला दोन आठवडे लागले.

आधीची सायकल २१ गिअरची. ऑफिसला जाऊन येऊन १४ किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट. त्या २१ पैकी मी वापरायचे तीन, बाकीचे नुसते खडखडायला.

नव्या सायकलचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, दुतोंडी आहे. एका बाजूला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी चकती; दुसऱ्या बाजूला फिक्स, म्हणजे चाकाला घट्ट जोडलेली चकती. चाक काढून उलटं बसवलं की सायकलचा स्वभावच बदलतो. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी नव्हती. तेव्हाचे स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक असंच उलटं करायचे, पलीकडची जास्त दातांची चकती मिळावी म्हणून. हे वाचल्यापासून पाना हातात धरताना मीही जरा भाव खाऊन घेते.

पहिला महिना फ्रीव्हीलवर चालवली. हलकी, बिनकटकटीची, बस्स. मग एका रविवारी चाक फिरवलं आणि पहिल्याच वळणावर सवयीने पाय थांबवले. पायडल थांबलं नाही. उजवा गुडघा असा वर ढकलला गेला की सीटवरून वीतभर उडालेच.

फिक्सवर चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, त्यात सवलत नाही. आठवडाभराने पायांनी भांडण सोडलं. आता पुढचा सिग्नल लाल दिसला की मांड्या आपोआप चाकाला आवरायला लागतात. रस्ता निसरडा झालाय हे हाताच्या आधी तळपायाला कळतं. आणि फ्रीव्हीलची टिकटिक नसल्यामुळे इतकं शांत, की चेनला तेल कमी पडलंय हेही ऐकू येतं. याच शांततेसाठी मी ही सायकल पुन्हा घेईन.

उताराला मात्र मजा नाही. ताशी ४० च्या वेगाला पाय मिनिटाला शंभरावर फेरे मारतात, सीटवर आपण लाह्यांसारखे उडतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघे हिशेब मागतात. पायांनीच थांबवण्याच्या फुशारकीपायी पुढचा ब्रेक काढून टाकणारे असतात. मी नाही काढणार.

कंपनीवर राग दोन गोष्टींचा. पहिली, दातांची जोडी. पुढे ४८, मागे १६, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे. थांबण्यासाठी पायांनी मागचं चाक अडवून घसरवताना माझा उजवा पाय दर वेळी एकाच जागी असतो, त्यामुळे टायरचा तोच तो तुकडा रस्त्यावर घासतो. दोन महिन्यांत तिथे अंगठ्याएवढी जागा झिजून आतलं कापड दिसायला लागलं, बाकी टायर नवाकोरा! मागे १७ दातांची चकती लावली आणि झीज १७ ठिकाणी वाटली गेली. एका दाताचा फरक, चढालाही तेवढंच हलकं.

दुसरी गोष्ट गंभीर. चकतीबाहेरचं लॉकरिंग, म्हणजे चकती सुटू नये म्हणून बसवलेली आट्यांची कडी, नीट आवळलेलंच नव्हतं. पायडलला मागे दाब दिला की चकती किंचित सुटायची, पायाखाली 'कट्' असा धक्का बसायचा. मला वाटायचं, चेन ढिली आहे. तीन वेळा चाक मागे ओढून चेन ताणली, तेव्हा कुठे लक्ष लॉकरिंगकडे गेलं. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचं. ही सायकल घेतलीत तर पहिली फेरी मारण्याआधी तेवढं पाहून घ्या, आणि पाना चांगला लांब दांड्याचा घ्या.