पाचवी चाल: ए६ की जी६?

बुद्धिबळातल्या ओपन सिसिलियन या सुरुवातीच्या (१.ई४ सी५, २.घोडा एफ३ डी६, ३.डी४ सी×डी४, ४.घोडा×डी४ घोडा एफ६, ५.घोडा सी३) पहिल्या चार चाली हाताखाली बसल्या, की काळ्याचं घोडं अडतं पाचव्या चालीवर. ए६ केलं तर नायडॉर्फ, जी६ केलं तर ड्रॅगन. (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणं.)

नायडॉर्फ जास्त भक्कम, हे मान्यच. अडचण आहे पांढऱ्याच्या सहाव्या चालीची. उंट ई२, ई३, सी४ नाहीतर जी५वर येईल, किंवा एफ३, एच३, जी३, एफ४ यांतलं काहीही; आणि एक उत्तर सगळ्यांना पुरत नाही. उंट ई२ किंवा ई३वर आला तर ई५ करून डी४चा घोडा हुसकावता येतो. पण उंट जी५वर बसला की ई५ अंगाशी येतं: उंट एफ६चा घोडा मारतो आणि डी५चं घर पांढऱ्या घोड्याला आंदण मिळतं. म्हणून ई६. मग ७.एफ४ वजीर बी६, ८.वजीर डी२ आणि वजिराने बी२चं विषारी प्यादं खायचं. १९७२च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात, स्पास्कीविरुद्ध अकराव्या डावात, हे प्यादं खाऊन खुद्द फिशरचा वजीर कोंडला गेला. आठवड्याला दोन डाव खेळणाऱ्याने या आठ चालींच्या आठ वह्या पाठ कधी करायच्या? माझं मन इथेच नायडॉर्फवरून उडालं.

ड्रॅगनमध्ये पांढरा बहुधा एकाच वाटेने येतो: उंट ई३, एफ३, वजीर डी२, लांब किल्लेकोट, मग एच४-एच५. वाट भयंकर आहे, पण ओळखीची. एक खड्डा मात्र लक्षात ठेवा: ६.उंट ई३ला लगेच घोडा जी४ करू नका. उंट बी५चा शह बसतो, डी७वर आडवा घातलेला उंट जखडतो आणि पांढरा वजीर घोडा फुकटात उचलतो.

तुमचा उंट जी७, किल्लेकोट आणि घोडा सी६ झाल्यावर ९.लांब किल्लेकोट आला तर बेधडक डी५. १०.ई×डी५ घोडा×डी५, ११.घोडा×सी६ बी×सी६, १२.घोडा×डी५ सी×डी५, १३.वजीर×डी५ वजीर सी७. प्यादं गेलं, जाऊ द्या. पांढऱ्याने हावरटपणे ए८चा हत्ती खाल्ला तर उंट एफ५: वजिरावर हल्ला, शिवाय सी२वर मात. वजीर देऊन दुसरा हत्ती घेणं एवढंच त्याच्या हाती उरतं.

९.उंट सी४ जास्त चिवट. तिथे उंट डी७, हत्ती सी८, घोडा ई५, आणि एच४ आलं की स्वतःच एच५ करून प्यादं रोखायचं. हत्ती×सी३ (घोड्याच्या बदल्यात हत्ती) दिसलं तर हत्ती मोजत बसू नका; राजासमोरची प्यादी फुटणं बहुतेकदा त्याहून महाग पडतं. १९९५मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेतेपदाच्या सामन्यात आनंदविरुद्ध अकराव्या डावात कास्पारोव्हने ड्रॅगनच काढला, आणि जिंकला.

पाठांतराची हौस असेल तर नायडॉर्फ खुशाल घ्या.